लाल डागांना थोडा फरक, काळ्या डागांना काहीच नाही: घरी वापरायच्या एलईडी मास्कचा रिव्ह्यू

एलईडी मास्क म्हणजे चेहऱ्यावर बांधायचा, आतून रंगीत दिवे असलेला मुखवटा. आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. पिंपल बसल्यावर जे लाल डाग उरतात, आणि तेही नवे, दोन-चार महिन्यांतले, त्यांना या मास्कच्या लाल आणि इन्फ्रारेड लाइटने फरक पडला पण थोडाच. जे तपकिरी-काळपट डाग असतात त्यांना काहीही नाही. आणि निळा लाइट माझ्यासारख्या सावळ्या स्किनवर डाग घालवायला वापरूच नये असं माझं ठाम मत झालंय, ते का हे खाली सविस्तर लिहिते कारण हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझे तीन आठवडे आणि त्या आठवड्यांतलं रडणं दोन्ही वाचलं असतं.

माझे पिंपल्स हनुवटी आणि जबड्याच्या कडेला यायचे, खोल, दुखरे, दर महिन्याला ठरलेल्या दिवसांत. स्किनच्या डॉक्टरांच्या औषधाने ते आटोक्यात आले पण मागे डाग ठेवून गेले. काही गुलाबी-लाल आणि काही चहाच्या डागासारखे तपकिरी. मला वाटायचं हे सगळे एकच, लाल आधी येतो मग तोच काळा होतो आणि मग जातो. असं नसतं हे मला डॉक्टरांनी दोन मिनिटांत दाखवलं. पारदर्शक काचेची पट्टी घेऊन डागावर दाबली. लाल डाग दाबल्या दाबल्या फिका पडला, काच काढली की परत लाल. तपकिरी डाग कितीही दाबा तसाच. म्हणजे लाल डाग हा रंग नाहीच, सूज येऊन गेल्यावर वरच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगून राहिलेल्या असतात, दाबलं की रक्त बाजूला सरतं आणि डाग मावळतो. तपकिरी डाग म्हणजे सूज आलेली असताना त्वचेने जास्तीचं मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तयार करून सांडून ठेवलेलं असतं. ते वरच्या थरात असेल तर तपकिरी दिसतं आणि काही महिन्यांत कमी होतं, खाली उतरलं असेल तर करडं-निळसर दिसतं आणि वर्षं काढतं. घरी साधा काचेचा ग्लास गालावर दाबून आरशात बघा, कळतं. मास्क घ्यायच्या आधी हे नक्की करा, कारण तुमचे सगळे डाग तपकिरी असतील तर हा रिव्ह्यू इथेच संपवलात तरी चालेल.

आता मास्क. मी घेतलेला मऊ सिलिकॉनचा आहे, मागे पट्टे, वायरला जोडलेला छोटा रिमोट. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये कारण यातलं बरंचसं अशा सगळ्याच मास्कना लागू आहे. चार प्रकारचे दिवे आहेत: निळा ४१५ नॅनोमीटर, पिवळा ५९०, लाल ६३३ आणि इन्फ्रारेड ८३० (हा आकडा म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी, तिच्यावरून प्रकाशाचा रंग ठरतो). बॉक्सवर लिहिलंय की निळा पिंपल्ससाठी, पिवळा लालसरपणासाठी, लाल सुरकुत्यांसाठी, आणि चारही मिळून "डाग आणि असमान रंग" यासाठी. या शेवटच्या ओळीवर माझा मोठा आक्षेप आहे.

मास्क चालू केला की आपोआप जो प्रोग्रॅम लागतो त्यात सुरुवातीची चार मिनिटं निळा लाइट असतो. बदलायला रिमोटचं बटण तीनदा दाबावं लागतं, आणि मी आपलं कंपनीने ठरवलंय म्हणजे योग्यच असणार म्हणून तोच प्रोग्रॅम रोज रात्री तीन आठवडे वापरला. नवे पिंपल्स खरंच कमी आले. पण तपकिरी डाग गडद दिसायला लागले. आधी वाटलं भास असेल, मग फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि पोटात गोळाच आला. डॉक्टरांकडे गेले, त्या म्हणाल्या निळा आधी बंद कर, बाकीचं नंतर बघू.

मग मी वाचायला बसले. निळा लाइट पिंपलवर का चालतो याचं कारण चांगलं आहे: पिंपलमधले जीवाणू पॉर्फिरिन नावाचं द्रव्य बनवतात, ते ४१५ च्या आसपासचा प्रकाश शोषतं आणि त्यातून जे तयार होतं त्याने तो जीवाणूच मरतो. २००० साली निळा आणि लाल एकत्र वापरून झालेल्या एका अभ्यासात १२ आठवड्यांत सुजलेल्या पिंपल्समध्ये सरासरी ७६ टक्के सुधारणा दिसली होती, म्हणजे पिंपलसाठी हे खोटं नाही. पण तोच निळा-जांभळा प्रकाश त्वचेतल्या रंग बनवणाऱ्या पेशींनाही जागं करतो. २०१० च्या एका अभ्यासात सावळ्या त्वचेवर नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशाने, अल्ट्राव्हायोलेट नसताना, रंग गडद झाला आणि बराच काळ टिकला, आणि अगदी गोऱ्या त्वचेवर तसं झालंच नाही. २०१४ मध्ये ४१५ आणि ६३० समोरासमोर ठेवून बघितलं गेलं, ४१५ ने डाग पडला, ६३० च्या लाल लाइटने पडला नाही. २०१८ मध्ये तर त्या पेशींमधलं निळा प्रकाश ओळखणारं प्रथिन, ऑप्सिन ३, तेसुद्धा सापडलं. म्हणजे जो दिवा माझ्या डागांवर उपाय म्हणून विकला गेला तोच माझ्यासारख्या स्किनवर डाग गडद करू शकतो, आणि तो बाय डिफॉल्ट चालू असतो! माझे डाग त्यानेच गडद झाले हे मी शपथेवर सांगू शकत नाही, त्या आठवड्यांत उन्हातही फिरले होते. पण बॉक्सवर सावळ्या स्किनसाठी एक ओळसुद्धा नसणं हे मला चुकीचं वाटतं, चीड येण्याइतकं चुकीचं.

पिवळ्या लाइटबद्दलही सांगते कारण लालसरपणासाठी सगळे त्याचंच नाव घेतात. यामागचं तत्त्व खरं आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन ५७७ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश चांगला शोषतं, आणि म्हणूनच दवाखान्यात लाल डागांवर जो लेझर वापरतात तो ५८५ किंवा ५९५ चा असतो. पण लेझर दर चौरस सेंटीमीटरला समजा ८ ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं माप) देतो तर ते काही मिलिसेकंदांत देतो, रक्तवाहिनीला थंड व्हायला वेळच मिळत नाही, ती आतून भाजते आणि बंद होते. माझ्या मास्कची ताकद मॅन्युअलमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ३० मिलिवॅट दिलीये, म्हणजे तेच ८ ज्यूल द्यायला त्याला साधारण साडेचार मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात ती उष्णता केव्हाच आजूबाजूला पसरून जाते, वाहिनीला काही होत नाही. तव्यावर थेंब थेंब पाणी टाकणं आणि बादली ओतणं यात पाणी तेवढंच असलं तरी परिणाम वेगळा, तसं. त्यामुळे रंग सारखा आहे म्हणून काम सारखं होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मग लाल आणि इन्फ्रारेडचं काय? त्यांचं काम वेगळ्या वाटेने होतं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते हा प्रकाश शोषतं, पेशीला ऊर्जा बनवणं सोपं जातं आणि सूज उतरायला मदत होते, असं सध्याचं सगळ्यात जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण आहे. म्हणजे हा लाइट रक्तवाहिनी जाळत नाही आणि मेलॅनिन पुसत नाही, तो फक्त सूज लवकर निवळायला हातभार लावतो. हे डोक्यात पक्कं बसलं की अपेक्षा आपोआप जागेवर येतात. आणि प्रकाशाने त्वचेचा आजार बरा करणं म्हणजे थोतांड असंही म्हणू नये, त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार केल्याबद्दल नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल मिळालंय.

दोन आठवडे सगळं बंद ठेवलं आणि मग ठरवलं की आता नीट बघायचं. कारण अडचण अशी की हे डाग नुसते बसून राहिलात तरी हळूहळू जातातच. १२ आठवड्यांत डाग कमी झाले तर ते मास्कने झाले की दिवसांनी, हे कसं कळणार? सगळे रिव्ह्यू इथेच घसरतात, "तीन महिन्यांत फरक दिसला" असं लिहितात, अहो तीन महिने गेले की फरक दिसतोच. म्हणून मी मास्क अर्ध्याच चेहऱ्यावर वापरला. उजवी बाजू उघडी, डावी बाजू आतून काळ्या कापडाने झाकलेली. पहिल्याच दिवशी फोनचा पुढचा कॅमेरा लावून बघितलं तर कापडातून जांभळट उजेड दिसत होता, म्हणजे डोळ्यांना काळं दिसणारं कापड इन्फ्रारेडला अडवतच नव्हतं. मग दोन कापडांच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियम फॉइल घालून शिवलं, तेव्हा कुठे बंद झालं. (याच ट्रिकने तुमच्या मास्कचे इन्फ्रारेड दिवे खरंच चालतात का तेही कळेल, ते डोळ्याला जवळपास दिसत नाहीत, त्यामुळे निम्मे दिवे बंद पडलेत असं वाटतं, मला वाटलं होतं आणि मी तक्रारसुद्धा केली होती.)

आठवड्यातून पाच दिवस, दहा मिनिटं, फक्त लाल आणि इन्फ्रारेड. ३० मिलिवॅट गुणिले ६०० सेकंद म्हणजे १८ ज्यूल. जास्त वेळ ठेवून जास्त फायदा होत नाही, या प्रकारच्या प्रकाशात एका मर्यादेपुढे डोस वाढवला की परिणाम उलट कमी होतो असं प्रयोगांत दिसलेलं आहे, त्यामुळे दहाची वीस मिनिटं करायचा मोह झाला तरी आवरला. दोन्ही बाजूंना रात्री अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड (पिंपल्स आणि डागांवर लावायचं औषध) आणि दिवसा टिंट असलेलं सनस्क्रीन. टिंटवालं मुद्दाम, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाश अडवतं, साधं सनस्क्रीन कितीही एसपीएफचं असलं तरी त्या प्रकाशाला फारसं अडवत नाही.

फोटोचं एक सांगते. मास्क काढल्या काढल्या आरशात बघू नका आणि फोटोही लगेच बघू नका. दहा मिनिटं लाल उजेड डोळ्यांवर पडला की लाल रंग ओळखणाऱ्या पेशी थकतात आणि नंतर मिनिटभर सगळं निळसर-हिरवट दिसतं, भिंतसुद्धा, आणि त्यात चेहऱ्यावरचे लाल डाग अर्धे झाल्यासारखे वाटतात. पहिल्या दिवशी मी इतकी खूश झाले होते. मी मग दर रविवारी सकाळी, मास्कच्या आधी, एकाच खिडकीपाशी, फोनचं ब्युटी सेटिंग बंद करून फोटो काढले.

सुरुवातीला उजवीकडे सात लाल डाग होते, डावीकडे सहा. तपकिरी उजवीकडे चार, डावीकडे पाच. चार आठवड्यांपर्यंत काहीच नाही, अक्षरशः काहीच नाही, मला सोडून द्यावंसं वाटत होतं. सहाव्या आठवड्याच्या आसपास जाणवलं की उजवीकडे जो नवा पिंपल येतोय त्याची लाली लवकर उतरतेय, आठ-दहा दिवसांत, डावीकडे तेवढ्याच मोठ्या पिंपलला दोन आठवडे लागत होते, पण अख्ख्या १२ आठवड्यांत नवे पिंपल्स आलेच मुळात पाच, त्यावरून मोठं काही बोलता येत नाही. बाराव्या आठवड्याला उजवीकडच्या सातांपैकी चार गेले होते, दोन फिके, एक तसाच. डावीकडे सहापैकी दोन गेलेले, दोन फिके, दोन तसेच. आणि जे तसेच राहिले ते दोन्हीकडचे वर्षभरापेक्षा जुने होते. तपकिरी डाग दोन्ही बाजूंना सारखेच फिके झाले. कंसीलर लावायचं सोडलं इतके कमी झाले, पण सारखेच, म्हणजे श्रेय अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडचं, सनस्क्रीनचं आणि गेलेल्या दिवसांचं. मास्कचं नाही.

मला कुठली बाजू कुठली हे माहीत होतं, त्यामुळे माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास नव्हता. धाकट्या बहिणीला काही फोटो उलटे करून, काही सरळ, असे मिसळून दाखवले आणि कुठल्या बाजूला कमी लाल वाटतंय एवढंच विचारलं. शेवटच्या महिन्यातल्या फोटोंत तिने बहुतेक वेळा लाइटवालीच बाजू दाखवली. तपकिरीबद्दल विचारलं तर म्हणाली, "ताई, मला दोन्हीकडे सारखंच दिसतंय गं." एका चेहऱ्यावरचा प्रयोग आहे हा, यापेक्षा जास्त त्यातून काढू नका.

वापरायला कसा आहे तर ठीक आहे. वजन जाणवत नाही, गरम फार होत नाही, दहा मिनिटांनी आपोआप बंद होतो. हनुवटीपाशी मात्र बसत नाही, तिथे बोटभर अंतर राहतं, आणि दिवा लांब गेला की ताकद कमी होते. आता हनुवटी आणि जबडा ही तर मोठ्या बायकांच्या पिंपल्सची नेहमीची जागा, तिथेच मास्क उघडा पडतो हे डिझाइन कोणी केलं कळत नाही. मी खालून रुमाल गुंडाळून दाबून धरायचे. चार्जिंगची पिन दोनच महिन्यांत सैल झाली. कस्टमर केअरला विचारलं होतं की ३० मिलिवॅट हा आकडा त्वचेला चिकटलेला असतानाचा आहे की थोड्या अंतरावरचा, त्यांनी बॉक्सवरचाच मजकूर मला परत पाठवला.

डोळ्यांचं हलक्यात घेऊ नका. माझ्या मास्कला डोळ्यांपाशी फक्त भोकं आहेत, चष्मा वेगळा येतो आणि तो मी कायम लावला. २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीने निळ्या-लाल लाइटचा घरगुती मास्क बाजारातून परत घेतला होता, डोळ्यांच्या मागच्या पडद्याचे काही आजार असलेल्यांना आणि प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधं घेणाऱ्यांना धोका असू शकतो म्हणून. पिंपल्ससाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन अशा औषधांत मोडते, तेव्हा कोणतीही गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा लाइट लावूच नका. ल्युपस किंवा पॉर्फिरिया असे प्रकाशाने बिघडणारे आजार असतील तर मास्क विकतच घेऊ नका.

मावशीने मास्क मागितला होता, तिच्या गालांवर वांग आहे. मी दिला नाही आणि तिला जरा वाईट वाटलं. पण वांग ही या डागांची बहीण वाटली तरी वेगळी गोष्ट आहे, ती उन्हाने, दिसणाऱ्या प्रकाशाने, उष्णतेनेसुद्धा भडकते. तिला घेऊन मी डॉक्टरांकडे गेले, ते जास्त उपयोगी पडलं.

त्याच वेळी मी माझ्या उरलेल्या जुन्या लाल डागांबद्दल विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाल्या की रक्तवाहिन्यांवरचा लेझर हा खरा उपाय आहे पण सावळ्या स्किनवर सेटिंग फार जपून लागतं, कारण मेलॅनिनही तो प्रकाश शोषतं आणि जास्त झालं तर भाजून नवा काळा डाग पडतो. आयपीएलबद्दल (लेझरसारखेच प्रकाशाचे जोरदार झोत देणारं मशीन) तर त्या आणखी सावध होत्या, त्यात एकच तरंगलांबी नसून मोठा पट्टा असतो. जे कोणी करून घेणार असतील त्यांनी आधी कानाजवळ एका छोट्या जागेवर टेस्ट करून चार-सहा आठवडे थांबायला सांगा, आणि "आजच पूर्ण चेहरा करून टाकू" म्हणणाऱ्याकडून उठून या. मी सध्या थांबलेय, डाग दोन-तीनच उरलेत.

स्टार द्यायचे तर पाचपैकी अडीच. नवे लाल डाग असतील, पिंपल्स अजून अधूनमधून येत असतील, आणि आठवड्यातले पाच दिवस दहा मिनिटं खरंच देणार असाल तर घ्यायला हरकत नाही, पण लाल आणि इन्फ्रारेड वेगळे चालू करता येतात का ते आधी बघा, आणि दर चौरस सेंटीमीटरला किती मिलिवॅट हे लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. फक्त तपकिरी डागांसाठी घेताय तर पैसे ठेवा, टिंटवालं सनस्क्रीन रोज पुरेसं लावा, नखाने पिंपल कुरतडू नका. मास्कपेक्षा ते न कुरतडणंच मला जास्त उपयोगी पडलं, प्रत्येक फोडलेल्या पिंपलचा डाग न फोडलेल्यापेक्षा गडद होता, माझे फोटो साक्षीला आहेत.

मास्क सध्या मैत्रिणीकडे आहे, तिला नव्याने लाल डाग पडलेत. देताना चष्मा बरोबर दिला आणि रिमोटवर कागद चिकटवलाय, "चालू केल्यावर तीनदा दाब, निळा दिसला तर लगेच काढ."